पांढरीवरची टाकी: पायाच्या खड्ड्यात निघालेल्या प्राचीन दफनांचे एक प्रकरण

हे प्रकरण भीमेच्या खोऱ्यातल्या एका गावचं आहे. गावाचं नाव, साल आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. मी तेव्हा पाणीपुरवठ्याच्या कामावर शाखा अभियंता होतो. जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्या सहीनं चुकलं, म्हणून मीच लिहितो आहे.

पार्श्वभूमी

गाव नदीकाठी, अठराशे वस्तीचं. नळयोजनेत ८५,००० लिटरची उंच टाकी मंजूर झाली होती, बारा मीटर उंचीच्या खांबांवर. टाकीला जागा शोधताना आम्ही दोन गोष्टी बघतो: जागा ग्रामपंचायतीची हवी आणि गावात सगळ्यात उंच हवी. जमीन जितकी उंच तितके खांब आखूड, आणि खांब आखूड तितका खर्च कमी. या गावात दोन्ही अटी पुऱ्या करणारी एकच जागा होती, वरच्या आळीमागचं टेकाड. लोक त्याला पांढर म्हणत.

काळी आणि पांढरी हे शब्द आपण सातबाऱ्याच्या बोलण्यात सर्रास वापरतो. काळीत पिकतं, पांढरीत गाव वसतं. पण नदीकाठच्या सपाट गाळाच्या जमिनीत पुरुषभर उंचीचं टेकाड आलं कुठून, हा प्रश्न मला पडला नव्हता. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, मातीची घरं पडली, त्यावर पुन्हा घरं उठली, चुलीची राख साचत गेली, त्यातून हे टेकाड झालं. गावातले लोक माळवदावर टाकायला तिथलीच माती नेत. म्हणजे गावात सगळ्यात उंच जागा शोधायला निघालं की आपण हमखास सगळ्यात जुन्या वस्तीवर जाऊन उभे राहतो. टाकीची जागा ठरवायची आमची पद्धतच तशी आहे.

अंदाजपत्रकाच्या वेळी एक ट्रायल पिट, म्हणजे जमीन तपासायचा खड्डा, घेतला होता. त्याची नोंद माझ्याच अक्षरात आहे: ‘० ते १.८ मी. राखमिश्रित भुसभुशीत माती, खापरांचे तुकडे. खाली पिवळा मुरूम.’ शेरा: ‘भराव.’ भरावावर पाया चालत नाही, म्हणून तो पूर्ण काढून २.७ मीटरवर मुरुमात फुटिंग, म्हणजे पायाचा तळ, बसवायचं ठरलं. खापरं दिसली, मी ती लिहिलीही, आणि पुढच्याच ओळीत त्यांना भराव म्हणून मोकळा झालो.

काय सापडले

मार्चचा दुसरा आठवडा. फक्कीनं आखणी करून सकाळी नऊला जेसीबी लावला. साडेदहाच्या सुमारास बकेट वर आली ती मोठं मडकं फुटल्यासारखा आवाज करत. चालक पोरगाच होता, विशीतला. त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला, खड्ड्यात डोकावला आणि मला म्हणाला, “सायेब, रांजण हाय. पर आत कायतरी येगळंच हाय.”

खड्ड्याच्या उभ्या कडेला, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, राखाडी रंगाचे दोन जाड रांजण आडवे होते, तोंडाला तोंड लावून. एकाचा बुडाकडचा भाग बकेटनं उडवला होता. आत माती गच्च बसलेली, आणि त्या मातीत कवटीच्या पातळ कपच्या, भोपळ्याच्या वाळल्या सालीसारख्या. जबड्याचा एक तुकडा माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. त्यात दात होते, पण हाडाच्या आतच. वर यायचे राहिलेले. शेजारी तांबड्या रंगाचं, काळ्या रेघांची नक्षी असलेलं छोटं तोटीचं भांडं. ते मी पाहिलं एवढं खरं. दुपारी पाहायला गेलो तर नव्हतं.

तोपर्यंत गाव जमा झालं होतं. पहिल्या तासात तीन बातम्या फिरल्या: धन सापडलं, खून सापडला, नरबळी सापडला.

पेच

ठेकेदाराचं म्हणणं सरळ होतं. “साहेब, माती टाकून घेऊ. दोन दिवसांत पायाचं काँक्रीट मारतो, विषय संपला.” त्याला वाईट माणूस म्हणून बाजूला काढता येणार नाही. मशीनचं भाडं चालू होतं आणि कामाची मुदत ऑक्टोबरची. गावात एप्रिल लागला की टँकर येतो. हंड्यांच्या रांगेत तासन् तास उभ्या राहणाऱ्या बायांना तीन हजार वर्षांची गोष्ट सांगायची तर तोंड कुठल्या बळावर उघडायचं?

पोलीस पाटलांनी ठाण्याला कळवलं, आणि ते त्यांचं कामच होतं. उपनिरीक्षक आले ते हाडं गोळा करायच्या पिशव्या घेऊनच. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ प्रमाणे अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, हाडं तपासणीला. त्यात लहान मुलाचं प्रेत आणि मडकी, म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आणि मला कायद्याचं काय माहीत होतं? संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकाम बंद, त्यापुढच्या आणखी २०० मीटरांत परवानगी लागते, एवढंच. ही पांढर कुठल्याच यादीत नव्हती, त्यामुळे तो नियम इथं लागू नव्हता. लागू होता तो १८७८ चा निखात निधी कायदा, आणि तो मला त्या दिवशी तलाठी भाऊसाहेबांनी सांगितला. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कुठलीही पुरलेली वस्तू सापडली तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठं, कधी. दहा रुपयांचा आकडा अजून तोच आहे. कायद्याचा रोख सोन्यानाण्यावर असला तरी व्याख्या ‘जमिनीत दडलेली किमतीची कोणतीही वस्तू’ अशी मोठी आहे, आणि नक्षीचं भांडं त्यात बसतं. बाळाच्या जबड्याचं मात्र त्यात काय करायचं ते कळत नव्हतं.

समोरचे पर्याय

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात बसलो: सरपंचताई, पोलीस पाटील, उपनिरीक्षक, भाऊसाहेब, ठेकेदार, मी आणि न बोलावता आलेले प्राथमिक शाळेचे गुरुजी.

बुजवून पुढं जाणं हा पर्याय गर्दीनंच बाद केला होता. शंभर मोबाइलांत फोटो गेलेले. (गर्दी नसती तर तो बाद झाला असता का? मला खात्री नाही.) हाडं विधिवत नदीत सोडावीत, शांत करावी आणि काम चालू करावं, हे गावातल्या बऱ्याच जणांचं मत होतं. त्यामागे श्रद्धा होती, तशी घाईही होती. पोलिसांनी सगळं ताब्यात घ्यावं, हा सरकारी दृष्टीनं सगळ्यात निर्धोक मार्ग. पण हाडं एकदा पिशवीत भरली की ती कुठल्या थरात होती, कशी ठेवली होती, शेजारी काय होतं, हे सगळं गेलं. आणि हाडं किती जुनी आहेत ते कळायची खरी खूण तीच.

गुरुजींनी खिशातून एक खापर काढलं. खड्ड्याच्या मातीतून उचललेलं, तांबडं, पातळ, बोटानं वाजवलं की खणखणीत. म्हणाले, “हे जोर्वे आहे. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे गावात १९५०-५१ ला खोदकाम झालं, त्या गावावरून या भांड्यांना नाव पडलं. इनामगावला अशीच मुलं सापडलीत, रांजणात, तोंडाला तोंड.” उपनिरीक्षकांनी विचारलं, “गुरुजी, लिहून द्याल?” गुरुजींनी वहीचं पान फाडून तिथंच लिहून दिलं. त्या पानाला कायद्यात किती किंमत आहे माहीत नाही. पण त्याच्या आधारावर उपनिरीक्षकांनी हाडं जागेवर ठेवून पंचनामा करायचं आणि तज्ज्ञ येईपर्यंत थांबायचं मान्य केलं. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय कुठला विचाराल तर हा. तो घेतला एका तरुण पोलीस अधिकाऱ्यानं, स्वतःच्या जबाबदारीवर.

काय केले

खड्ड्याला ताडपत्री घातली. टेप लावून फोटो काढले. भाऊसाहेबांनी तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र केलं, प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाला. गुरुजींनी पुण्यातल्या ओळखीच्या एका अभ्यासकाला फोटो पाठवले.

राखण मात्र ठेवली नाही. हाडं कोण चोरणार, असं मी म्हटल्याचं मला आठवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्याच्या कडेत हातभर खोल भगदाड होतं. धन शोधणाऱ्यांनी पहारीनं एक तिसरा रांजण फोडून रिकामा केला होता, आतली माती आणि हाडं खड्ड्याच्या तळाशी सांडलेली. तेव्हापासून कोतवाल आणि दोन होमगार्ड बसवले. एक रात्र उशिरा.

दुसरी चूक कागदाची. काम थांबवायला मी ठेकेदाराला तोंडी सांगितलं, लेखी आदेश दिला पाचव्या दिवशी. ते चार दिवस कोणाच्या खात्यात, यावर पुढं सहा महिने पत्रव्यवहार झाला आणि शेवटी ठेकेदाराचंच नुकसान झालं.

सहाव्या दिवशी पुरातत्त्वाच्या मॅडम दोन सहकाऱ्यांना घेऊन आल्या. खड्ड्यात उतरण्याआधी त्यांनी विचारलं, “निघालेली माती कुठं टाकली?” आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. दोन डंपर माती शिवरस्त्याच्या साइडपट्टीला गेली होती. ती सगळी पुढं चाळणीतून काढली, आणि तिच्यात पहिल्या बाळाचे चार दात मिळाले. अजून न उगवलेले, तांदळाच्या कणीपेक्षा थोडेसे मोठे.

मॅडमनी भांड्यांवरून काळ सांगितला: जोर्वे संस्कृती, म्हणजे ढोबळमानानं इ. स. पू. १४०० ते ७००. लोखंड यायच्या आधी तांब्याची आणि दगडी पात्यांची हत्यारं वापरणारे शेतकरी. घोड नदीवरच्या इनामगावात १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झालं, तिथं अशी दोनशेहून जास्त दफनं मिळाली. लहान मूल गेलं की त्याला दोन रांजणांत ठेवून घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरायचं. त्यांनी जमिनीचा चोपलेला थर आम्हाला कडेत दाखवला, बोटभर जाडीची फिकट रेघ. रांजण त्या रेघेखाली होते. म्हणजे बाळाच्या वर घर नांदत होतं.

त्या संध्याकाळी वरच्या आळीतल्या एका आजी काठी टेकत आल्या. मॅडमचं ऐकून म्हणाल्या, “मग त्यात नवल काय गं बाई? आपल्यात तरी दात न आलेलं लेकरू कुठं जाळत्यात? पुरत्यातच की. माझं पयलं परसात हाय.” कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून नरबळीची भाषा गावात ऐकू आली नाही. मॅडमच्या तासभराच्या माहितीनं झालं नव्हतं ते या चार वाक्यांनी झालं.

तरी तेराव्या दिवशी पुन्हा वादळ उठलं. बचाव उत्खननात एक प्रौढ सांगाडा निघाला, उताणा, डोकं उत्तरेला. घोट्यापासून खाली पाय नव्हते. तासाभरात ‘पाय तोडून मारलं’ ही बातमी तालुक्याला. उपनिरीक्षक पुन्हा आले. मॅडमनी शांतपणे सांगितलं की जोर्वे काळात प्रौढांचे पाय मेल्यावर तोडून पुरायची रीतच होती, इनामगावला तसे अनेक सांगाडे मिळालेत. का तोडत? मेलेला माणूस परत चालत येऊ नये म्हणून असावं, असा तर्क आहे, त्यापलीकडे नाही. उपनिरीक्षकांनी जबाब लिहून घेतला. या वेळी त्यांच्याबरोबर पिशव्या नव्हत्या.

पूजेचा प्रश्न सरपंचताईंनी सोडवला. बायांना हळद-कुंकू वाहायचं होतं. मॅडमना हाडांवर काहीच पडायला नको होतं, पाणीसुद्धा. ताईंनी खड्ड्याच्या काठाबाहेर एक दगड मांडला, नारळ आणि दिवा तिथं. खोदकाम संपेपर्यंत रोज कोणी ना कोणी तिथं दिवा लावत होतं.

टाकीचं काय करायचं

हा निर्णय अठराव्या दिवसापर्यंत रेंगाळला, आणि खरं तर तो पहिल्या आठवड्यातच व्हायला हवा होता. मी वाट बघत होतो की उत्खनन संपेल, जागा मोकळी होईल आणि आहे त्याच खड्ड्यात टाकी उभी राहील. मॅडमनी एकदाच सांगितलं, “हा खड्डा मोकळा करून देईन. पण तुमचा पाया त्याच्या बाहेर जाणार, पाइपलाइन जाणार, पुढं व्हॉल्व्हचे खड्डे, कुंपण. दर वेळी मला बोलवाल?”

गायरानात १६० मीटरवर दुसरी जागा होती. ती पांढरीपेक्षा ३.६ मीटर सखल. खांबांची उंची तीन मीटरच्या टप्प्यानं वाढते, म्हणून बारा ऐवजी पंधरा मीटर केली. तरी ६० सेंटिमीटर दाब कमीच पडला. सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा तांत्रिक मान्यता, पुन्हा ट्रायल पिट. या वेळी तीन घेतले आणि तिन्हींत खापर नाही हे बघून मगच सही केली.

गावाचा राग खरा होता तो पाण्यावरून. त्यावर जे केलं ते उशिरा सुचलं, पण उपयोगी पडलं: पाच-पाच हजार लिटरच्या दोन काळ्या प्लास्टिकच्या टाक्या चौथऱ्यावर बसवून विहिरीची मोटर तात्पुरती त्यांना जोडली. खर्च अगदी किरकोळ. टँकरची रांग संपली नाही, पण निम्म्यावर आली, आणि ग्रामसभेत ‘हाडांपायी पाणी अडवलं’ म्हणणारे आवाज कमी झाले. हे दुसऱ्याच दिवशी केलं असतं तर ठेकेदारावर आणि मॅडमवर गावाचा जो दबाव आला तो आला नसता.

निष्पत्ती

एकूण पाच दफनं नोंदली गेली: चार लहान मुलांची आणि एक प्रौढाचं. मुलांच्या चारांपैकी दोन आम्हीच बिघडवलेली, एक बकेटनं, एक राखण न ठेवल्यानं. नीट नोंद झाली ती उरलेल्या दोघांची.

तोटीचं भांडं परत आणून ठेवा अशी दवंडी दिली होती, त्यानंतर चौथ्या दिवशी ते मारुतीच्या पारावर सापडलं, दुधाच्या किटलीत ठेवलेलं. कोणी आणलं ते विचारायचं नाही असं आधीच ठरलं होतं. आणणाऱ्या घरच्या बाईनं ते मनापासून घासलं होतं. आत काही उरलं असेल, दूध की पेज, ते राखेबरोबर मोरीत गेलं, आणि काळी नक्षी एका बाजूनं पुसट झाली.

सांगाडे आणि रांजण अभ्यासासाठी पुण्याला गेले. गावाला ते शाळेत हवे होते. हाडं ठेवायला शाळा योग्य जागा नाही हे मॅडमचं म्हणणं मला पटलं. पण ‘आमची लेकरं पुण्याला नेली’ हे गावचं म्हणणंही खोटं वाटत नाही. फोटो आणि एक फलक देऊ, असं ठरलं होतं. फलक अजून लागलेला नाही. गुरुजींनी शेवटी स्वतःच कार्डशीटवर चित्रं चिकटवून वर्गात लावली.

टाकी ऑक्टोबरऐवजी फेब्रुवारीत भरली. वरच्या आळीतल्या शेवटच्या सहा घरांना पाणी बारीक येतं. ती घरं पांढरीवरच आहेत.

पुन्हा वेळ आली तर

जागानिवडीच्या फॉर्ममध्ये मालकी, उंची, रस्ता, वीज असे रकाने आहेत. ‘जागा पांढरीची आहे का’ हा रकाना मी माझ्यापुरता पेनानं वाढवला आहे. त्याचं उत्तर द्यायला तज्ज्ञ लागत नाही, गावातलं कुठलंही म्हातारं माणूस देतं. ट्रायल पिटमध्ये राख आणि खापर एकत्र दिसलं की ‘भराव’ लिहून सही करायची नाही. गुरुजींसारखं कोणी तालुक्यात असतंच, त्यांना फोटो पाठवायचा. जेसीबीवाल्याला कामाआधी पाच मिनिटं सांगायचं: मडक्याचा आवाज आला की थांब, तुझं भाडं बुडणार नाही. आणि हे त्याला तोंडी सांगून भागत नाही, निविदेत लिहिलेलं असावं लागतं, नाहीतर त्याचं भाडं बुडतंच.

सापडल्यावर पहिल्या तासात: मशीन बंद, लेखी आदेश, ताडपत्री, राखण, निघालेली माती कुठं गेली त्याची नोंद. हाडांना हात नाही, पाणी नाही. पोलिसांना कळवायचंच, ते टाळण्यात अर्थ नाही, पण त्याच फोनमध्ये तहसीललाही कळवायचं, म्हणजे पिशव्या आणि पत्र एकाच वेळी निघतील.

एक गोष्ट मात्र माझ्या फॉर्मनं सुटणारी नाही. सरकारी काम असलं की पंचनामा होतो, पत्र जातं. त्याच पांढरीवर चाळीस घरं आहेत आणि दर वर्षी कोणी ना कोणी खोली वाढवतं. मागच्या हिवाळ्यात वरच्या आळीतल्या एकाचा फोन आला. शौचालयाचा शोषखड्डा घेत होता, पुरुषभर खोलीवर रांजणाचा काठ लागला.

“बरं केलंस फोन केलास,” म्हटलं. “आता हात लावू नकोस. किती खणून झालंय?”

“खणून कवाच झालं, सायेब. इटा लावतोय.”